दोन पदव्या आणि जिन्यातला दिवा



दहावीचा निकाल जवळ आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आता पुढे काय? मामू म्हणतात, "आयटीआयला घाला, वायरमनचे काम शिकेल, दोन वर्षांत कमवायला लागेल." खालाजान म्हणतात, "गणितात गुण चांगले आहेत, कॉम्प्युटरला पाठवा." शेजारचे चाचा तिसरेच काही सांगतात. ज्याच्या आयुष्याचा निर्णय चालला आहे ते मूल मात्र कोपऱ्यात बसून सगळ्यांची तोंडे पाहत असते. या चर्चेत एक गोष्ट सगळ्यांनीच धरून ठेवलेली असते. वीज म्हणजे हाताचे काम, गणित म्हणजे डोक्याचे काम, आणि दोन्हींपैकी एकच निवडायचे.

ही समजूत कितपत खरी आहे, ते आज आपण पाहू या.

जगातल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याला दोन विषयांचा अभ्यास एकाच वेळी करून दोन पदव्या मिळवता येतात. त्याला दुहेरी पदवी म्हणतात. विद्युत अभियांत्रिकी आणि त्याच्या जोडीला गणित व संगणकशास्त्र, ही अशीच एक जोडी आहे. हे ऐकून तुम्ही म्हणाल, "एका पदवीला चार वर्षे लागतात, मग दोन पदव्यांना आठ वर्षे लागणार!" पण तसे होत नाही. का होत नाही, ते एका उदाहरणाने समजून घ्या. समजा, एका पदवीसाठी 40 विषय शिकावे लागतात आणि दुसरीसाठीही 40. पण त्यांतले 30 विषय दोन्हीकडे सारखेच आहेत. मग विद्यार्थ्याला एकूण विषय किती शिकावे लागतील? 80 नव्हे, 50. म्हणजे चार वर्षांच्या जागी पाच वर्षे. हे आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक विद्यापीठाचा हिशेब वेगळा असतो. पण तत्त्व हेच. संचांचा छेद तुम्ही शिकला आहात ना? दोन अभ्यासक्रमांचा छेदसंच जितका मोठा, तितकी दुहेरी पदवी सोपी.

वीज आणि गणित यांचा छेदसंच इतका मोठा का आहे, हे समजण्यासाठी एका विद्यार्थ्याची हकिगत सांगतो.

क्लॉड शॅनन यांचा जन्म 30 एप्रिल 1916 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड नावाच्या छोट्या गावात ते वाढले. वडील व्यापारी होते आणि काही काळ न्यायाधीशही होते. आई भाषा शिकवत आणि गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलाला लहानपणापासून वस्तू खोलण्याचा आणि जोडण्याचा नाद. गावाभोवती शेतांना काटेरी तारांचे कुंपण होते. या मुलाने त्या कुंपणाच्या तारेचाच तारायंत्रासाठी उपयोग केला आणि सुमारे अर्धा मैल दूर राहणाऱ्या मित्राला संदेश पाठवू लागला. कुंपण गाईगुरांना अडवण्यासाठी असते. त्यातून बोलताही येईल, हे दुसऱ्या कोणाच्या मनात आले नसेल.

1932 साली शॅनन मिशिगन विद्यापीठात दाखल झाले. त्यांना विजेची आवड होती आणि गणिताचीही. त्यांनी दोन्ही घेतले. 1936 साली ते बाहेर पडले तेव्हा त्यांच्याजवळ दोन पदव्या होत्या, एक विद्युत अभियांत्रिकीची आणि एक गणिताची. वय फक्त वीस वर्षे.

त्याच विद्यापीठात त्यांची ओळख एका जुन्या इंग्रज गणितज्ञाच्या कामाशी झाली. त्याचे नाव जॉर्ज बूल. बूल यांची कथाही तुम्हांला आवडेल. ते एका चांभाराचे मुलगे. जन्म 1815 सालचा, लिंकन या शहरात. घरच्या गरिबीमुळे ते विद्यापीठाची पायरी कधी चढले नाहीत. पण ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन या भाषा त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतल्या, कारण गणितावरची चांगली पुस्तके त्या भाषांत होती. विशीच्या आत त्यांनी स्वतःची शाळा काढली. पुढे 1849 साली आयर्लंडमधील कॉर्क येथील कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. पदवी नसलेला माणूस पदवीधरांना शिकवू लागला! (त्यांच्या पत्नी मेरी या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. एव्हरेस्ट म्हणजे भारताचे सर्व्हेअर जनरल, ज्यांचे नाव पुढे हिमालयातील शिखराला दिले गेले.)

बूल यांनी 1847 आणि 1854 साली दोन पुस्तके लिहिली. त्यांचे म्हणणे असे होते की माणूस विचार करतो त्याचेही बीजगणित करता येईल. एखादे विधान खरे असेल तर त्याला 1 म्हणू या, खोटे असेल तर 0. मग 'आणि' या शब्दासाठी गुणाकार वापरू या, 'किंवा' या शब्दासाठी बेरीज. आपल्या नेहमीच्या बीजगणितात अक्षरांच्या जागी कोणतीही संख्या येते. बूल यांच्या बीजगणितात फक्त 0 आणि 1. तुम्ही नववीत वर्गसमीकरणे शिकला नसाल तरी हे एक सोडवून पाहा. एखाद्या संख्येचा वर्ग त्याच संख्येएवढा असेल, तर ती संख्या कोणती? 0 चा वर्ग 0, 1 चा वर्ग 1. तिसरी अशी संख्याच नाही. बूल यांनी सगळी इमारत या लहानशा गोष्टीवर उभी केली.

बीजगणिताला तुमच्या उर्दू पुस्तकात अलजबरा म्हणतात. नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमत या विद्याकेंद्रात काम करणाऱ्या मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या ग्रंथाच्या नावातून तो शब्द आला, आणि संगणकशास्त्रातला 'अल्गोरिदम' हा शब्द तर त्यांच्या नावावरूनच तयार झाला. मराठीतला 'बीजगणित' हा शब्द संस्कृतातला. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या ग्रंथाचे नावही बीजगणित. दोन्ही शब्द तुमचेच आहेत.

आता पुन्हा शॅनन यांच्याकडे वळू या. पदव्या मिळवल्यावर ते मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेत गेले. तेथे व्हॅनेव्हार बुश या प्राध्यापकांनी एक अवाढव्य गणकयंत्र बनवले होते. त्यात चाके होती, दांडे होते, ते फिरून अवघड समीकरणे सोडवत. त्या यंत्राचे नियंत्रण मात्र विजेवर चाले. त्यासाठी शंभराच्या आसपास रिले बसवलेले होते. रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. एका तारेतून विद्युतधारा सोडली की विद्युतचुंबक एक पट्टी खेचतो आणि त्या पट्टीमुळे दुसऱ्याच तारेतला परिपथ जोडला जातो किंवा तुटतो. म्हणजे आपण बोटाने स्विच दाबतो ते काम येथे वीजच करते. त्या काळी टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये असे रिले मोठ्या संख्येने असत.

हे परिपथ तेव्हा कसे बनवत? अनुभवी अभियंते कागदावर आकृती काढत, जोडून पाहत, चुकले तर बदलत. चांगला कारागीर थोड्या रिलेंत काम भागवी, कच्चा कारागीर जास्त रिले लावी. पण 'याहून कमी रिलेंत हे काम होणारच नाही' असे छातीठोकपणे कोणाला सांगता येत नसे. त्यासाठी काही गणित नव्हते.

आणि येथेच दोन पदव्या एकत्र आल्या. रिले एक तर जोडलेला असतो किंवा तुटलेला. तिसरी अवस्था नाही. हे तर बूल यांचे 1 आणि 0! 1937 साली, एकविसाव्या वर्षी, शॅनन यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिले की स्विचांचा कोणताही परिपथ बूल यांच्या बीजगणितात लिहिता येतो आणि ते समीकरण सोपे केले की परिपथही सोपा होतो. 1938 साली हे लेखन छापून आले. ऐंशी-नव्वद वर्षे तत्त्वज्ञानाच्या कपाटात पडून राहिलेले बीजगणित एकाएकी वायरमनच्या पिशवीत आले. न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि सोव्हिएत रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्ह हेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे अशाच विचारापर्यंत पोहोचले होते.

हे बीजगणित चालते कसे, ते आपणही पाहू या. कागद-पेन्सिल घ्या. प्रत्यक्ष करून पाहायचे असेल तर टॉर्चचे सेल, छोटा बल्ब आणि साध्या तारा वापरा. घरातल्या विजेला मुळीच हात लावू नका.

दोन स्विच घ्या, अ आणि ब. स्विच चालू असेल तर 1, बंद असेल तर 0. (शॅनन यांनी प्रबंधात खुणा नेमक्या उलट घेतल्या होत्या, आपण सोयीच्या घेऊ.) दोन्ही स्विच एकापाठोपाठ एक, म्हणजे एकसर जोडणीत बसवले, तर दिवा केव्हा लागेल? अ चालू असेल आणि ब चालू असेल तेव्हाच. कपडे धुण्याचे यंत्र आठवा. बटण दाबले पाहिजे आणि झाकणही नीट लागले पाहिजे, तरच ते फिरते. हा झाला गुणाकार: एक जरी 0 असला तरी उत्तर 0.

आता तेच स्विच समांतर जोडणीत बसवा. घराला पुढचे दार आहे आणि मागचे दार आहे, दोन्हीकडे बटण आहे, घंटी मात्र एकच. पुढचे बटण दाबा किंवा मागचे दाबा, घंटी वाजते. ही झाली बेरीज. दोघांनी एकदम दाबले तर काय? तरी घंटीच वाजते, दुप्पट घंटी वाजत नाही. म्हणून या बीजगणितात 1 अधिक 1 बरोबर 1. पहिल्यांदा ऐकताना हे चुकीचे वाटते. घंटीजवळ उभे राहून विचार केला की पटते.

याचा उपयोग कोणता? समजा एका कारागिराने परिपथ असा बनवला: अ आणि ब एकसर, त्याला समांतर दुसरी फांदी, तिच्यात अ आणि क एकसर. बीजगणितात लिहिले तर अब + अक. चार जागी स्विच लागले. पण तुम्ही आठवीपासून सामाईक अवयव बाहेर काढायला शिकला आहात. अब + अक म्हणजे अ(ब + क). आता परिपथ कसा झाला? आधी अ, मग त्याला एकसर ब आणि क ची समांतर जोडी. तीनच जागी स्विच लागले, काम तेवढेच. एका परिपथात एक स्विच वाचला. शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अशा किती जागा वाचतील, त्याचा अंदाज करा. परीक्षेत दोन गुणांसाठी केलेले अवयव येथे तांबे आणि पैसा वाचवतात.

आता माझे सगळ्यांत आवडते उदाहरण. दुमजली घराच्या जिन्यात एकच दिवा असतो, पण स्विच दोन. एक खाली, एक वर. खाली दिवा लावून वर जायचे आणि वरून बंद करायचा. वायरमन याला टू-वे स्विच म्हणतात. यात स्विचला चालू-बंद अशी बाजू नसते, म्हणून दट्ट्या वर असेल तर 1 आणि खाली असेल तर 0 म्हणू. समजा दोन्ही दट्टे खाली आहेत आणि दिवा बंद आहे. कोणताही एक वर केला की दिवा लागतो. मग दुसराही वर केला की दिवा विझतो. म्हणजे दोन्ही स्विच सारखे असतील तर दिवा बंद, वेगवेगळे असतील तर दिवा चालू. आपण रोज जिना चढतो-उतरतो, पण त्या दिव्याकडे असे पाहतो का?

हे लक्षात ठेवा आणि आता फक्त 0 आणि 1 या दोन अंकांनी बेरीज करू या. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात. 0 आणि 0 मिळून 0. 0 आणि 1 मिळून 1. 1 आणि 0 मिळून 1. 1 आणि 1 मिळून दोन, पण येथे 2 हा अंकच नाही. म्हणून आपण दहाच्या वेळी करतो तेच करायचे: एककाच्या जागी 0 लिहायचा आणि हातचा 1 घ्यायचा. आता एककाच्या जागचे अंक क्रमाने वाचा: 0, 1, 1, 0. दोन्ही अंक सारखे तर 0, वेगवेगळे तर 1. हा तर आपला जिन्यातला दिवा! आणि हातचा केव्हा येतो? पहिला 1 असेल आणि दुसराही 1 असेल तेव्हाच. ती तर एकसर जोडणी!

म्हणजे जिन्याची वायरिंग आणि दोन स्विचांची एकसर जोडणी शेजारी शेजारी ठेवली की वीज बेरीज करू लागते. शॅनन यांच्या प्रबंधात बेरीज करणारा असा परिपथ दिलेला आहे. तेव्हा रिले होते. 1947 साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, मग रिलेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, आणि आज नखाएवढ्या चिपवर असे अब्जावधी स्विच मावतात. मोबाइल फोन, बँकेचे यंत्र, रेल्वेचे आरक्षण, सगळ्यांच्या आत हेच 'आणि' व 'किंवा' चाललेले असते.

पण मग गणिताची वेगळी पदवी कशाला हवी? वायरिंग करून पाहिली, दिवा लागला, झाले काम, असे कोणी म्हणेल. दोन स्विच असतील तर हे म्हणणे ठीक आहे. दोन स्विचांच्या चारच स्थिती होतात, चारही तपासून पाहा. दहा स्विच असतील तर 1,024 स्थिती होतात. वीस असतील तर 10,48,576. दर सेकंदाला एक स्थिती तपासली तर अहोरात्र बारा दिवस लागतील. तीस स्विच असतील तर 107 कोटींहून अधिक स्थिती, आणि तपासायला सुमारे 34 वर्षे! अब्जावधी स्विचांची तर गोष्टच सोडा. येथे तपासून भागत नाही, सिद्ध करावे लागते. भूमितीत तुम्ही एकेक त्रिकोण मोजत बसत नाही, सर्व त्रिकोणांसाठी एकदाच सिद्धता देता. तोच हा प्रकार. अभियंता विचारतो, "हे चालते का?" गणिती विचारतो, "हे नेहमीच चालेल का, आणि का?" रुग्णालयातल्या यंत्राच्या बाबतीत किंवा रेल्वेच्या सिग्नलच्या बाबतीत दुसरा प्रश्न न विचारता पहिल्यावरच थांबलेले कोणाला चालेल?

उलट बाजूही आहे. नुसते गणित शिकलेल्याला तार तापते हे कळत नाही. कागदावर स्विच क्षणात 0 चा 1 होतो; खऱ्या परिपथाला त्यासाठी वेळ लागतो, थोडा का होईना. तेवढ्या वेळात शेजारचा स्विच वेगळेच काही करून बसतो आणि उत्तर चुकते. हे दुखणे विद्युत अभियंत्याला माहीत असते.

ही दोन्ही शास्त्रे शिकणाऱ्याला काय काय अभ्यासावे लागते? ओहमचा नियम आणि परिपथ, मोटर आणि जनित्र, संदेशवहन, हे विजेच्या बाजूला. अल्गोरिदम, तर्कशास्त्र आणि सिद्धता, हे गणित व संगणकाच्या बाजूला. आणि मधल्या छेदसंचात कलन, अवकल समीकरणे, संभाव्यता, संमिश्र संख्या. उणे एकचे वर्गमूळ ही संमिश्र संख्यांची सुरुवात. गणिती त्यासाठी इंग्रजी 'आय' हे अक्षर लिहितात, विद्युत अभियंते 'जे' लिहितात, कारण त्यांच्याकडे 'आय' हे अक्षर विद्युतधारेला दिलेले आहे. दुहेरी पदवीच्या विद्यार्थ्याला सकाळच्या तासाला एक अक्षर आणि दुपारच्या तासाला दुसरे लिहावे लागते! उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहिणाऱ्या तुम्हां मुलांना याचे भय वाटण्याचे कारण नाही.

मुलींनो, हे फक्त मुलांचे क्षेत्र आहे असे समजू नका. एडिथ क्लार्क यांनी 1908 साली गणित आणि खगोलशास्त्र या विषयांत पदवी घेतली. पुढे टेलिफोन कंपनीत त्या हिशेब करण्याचे काम करू लागल्या. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्रासाठी नव्हता, आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी होता. 1919 साली त्यांनी एमआयटीमधून विद्युत अभियांत्रिकीची मास्टर्स पदवी मिळवली. तेथे ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही अभियंता म्हणून नोकरी मिळेना. स्त्रीला अभियंत्याचे काम कोण देणार, अशी त्या वेळची समजूत! 1921 साली त्या इस्तंबूलला गेल्या आणि तेथील मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागल्या. परत आल्यावर मात्र त्यांना अभियंत्याची जागा मिळाली. लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांची किचकट गणिते चटकन सुटावीत म्हणून त्यांनी एक गणकसाधन बनवले आणि 1925 साली त्याचे पेटंट मिळवले. 1947 साली टेक्सास विद्यापीठात त्या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका झाल्या. दोन्ही विषय त्यांनी एकदम नव्हे, एकामागून एक शिकले. तोही एक रस्ता आहे.

आपल्या देशात काय सोय आहे? राजस्थानातील पिलानी येथील बिट्स या संस्थेत गणिताची एमएससी आणि अभियांत्रिकीची बीई असे दोन्ही मिळून पाच वर्षांत करता येते. तिची एक शाखा 2004 पासून गोव्यातही आहे. दुसरी पदवी कोणत्या शाखेची मिळणार, ते पहिल्या वर्षाच्या गुणांवर ठरते. आयआयटीमध्येही पाच वर्षांची 'ड्युअल डिग्री' असते, पण नावाने फसू नका. तेथे बहुधा एकाच विषयाच्या दोन पायऱ्या, बीटेक आणि एमटेक, सलग चढायच्या असतात. दोन विषय आणि दोन पायऱ्या यांतला फरक माहितीपत्रक वाचताना नीट पाहावा. शिवाय 2022 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांना एकाच वेळी दोन पूर्ण अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली. दोन्हींच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, किंवा एक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करावा, अशी त्यात अट आहे.

तेथवर पोहोचण्याचे रस्तेही एकाहून अधिक आहेत. दहावीनंतर विज्ञान शाखा घेऊन बारावी करणे आणि प्रवेशपरीक्षा देणे, हा सरळ रस्ता. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेणे, हा दुसरा. पैशाची अडचण असलेल्या घरांना हा दुसरा रस्ता बरा पडतो, कारण डिप्लोमा झाल्यावर मध्येच नोकरीही करता येते. पण त्यात पहिल्या वर्षाचे गणित मागे राहते आणि पुढे तेच आडवे येते. म्हणून डिप्लोमा करणाऱ्याने कलन आणि संमिश्र संख्या स्वतःहून पक्क्या कराव्यात. आयटीआय करून हातात हुन्नर आलेल्या मुलालाही पुढे डिप्लोमाचे दार उघडे असते. तेव्हा मामूंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही बरे का!

भाषेची भीती पुष्कळांना वाटते. आपण उर्दू माध्यमातले, पुढे सगळे इंग्रजीत, कसे निभावणार? अडचण खरी आहे, ती नाही असे मी म्हणणार नाही. कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत शब्द अडतात, प्रश्न येत असूनही विचारायची लाज वाटते. पण दोन गोष्टी पाहा. 2021 पासून जेईई मेन ही परीक्षा तेरा भाषांत होऊ लागली आणि त्या तेरा भाषांत उर्दूही आहे, मराठीही आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, तुम्ही आतापासून प्रत्येक शब्द तिन्ही भाषांत वहीत लिहून ठेवा. रियाज़ी, गणित, मॅथेमॅटिक्स. असे पाचशे शब्द दहावीपर्यंत सहज जमतात.

दोन पदव्यांचा नुसता मोह मात्र धरू नये. पत्रिकेवर नावापुढे दोन पदव्या छापून याव्यात एवढ्यासाठी हा भार उचलला तर दोन्ही अर्धवट राहतात. तास जास्त, परीक्षा जास्त, आणि जास्तीच्या वर्षाचे शुल्क व खोलीचे भाडे घरालाच भरावे लागते. ज्याला दिवा लागला यात समाधान आहे, त्याने चांगला अभियंता व्हावे. ज्याला सिद्धतेतच आनंद आहे, त्याने गणित घ्यावे. दिवा लागला तरी 'का लागला' हा प्रश्न ज्याला झोपू देत नाही, त्याच्यासाठी ही जोडी आहे. शॅनन त्यातलेच. 1940 साली एमआयटीतून बाहेर पडतानाही त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची मास्टर्स आणि गणिताची डॉक्टरेट अशा दोन पदव्या घेतल्या. 1948 साली त्यांनी संदेशवहनाच्या गणितावर जो निबंध लिहिला, त्याच्या पायावर आजचे सगळे टेलिफोन आणि इंटरनेट उभे आहे. माहिती मोजण्याचे 'बिट' हे माप छापील स्वरूपात त्याच निबंधाने जगापुढे आणले. त्या सुमारास त्यांनी एक यांत्रिक उंदीरही बनवला होता. पंचवीस चौकोनांच्या भूलभुलैयात तो धडपडत वाट शोधी आणि दुसऱ्यांदा सोडला की न चुकता सरळ मुक्कामी पोहोचे. त्याची आठवण जमिनीखाली बसवलेल्या रिलेंमध्ये होती. 24 फेब्रुवारी 2001 रोजी शॅनन यांचे निधन झाले.

आता तुमच्यासाठी एक काम. घर तीन मजल्यांचे आहे. जिन्यात दिवा एकच, स्विच तीन: अ, ब आणि क. कोणत्याही मजल्यावरून दिवा लावता आणि विझवता आला पाहिजे. तीन स्विचांच्या आठ स्थिती होतात. त्यांचे आठ ओळींचे कोष्टक वहीत काढा आणि कोणकोणत्या ओळीत दिवा लागतो ते भरा. मग 0 आणि 1 हे अंक घेऊन तीन अंकांची बेरीज करा आणि एककाचा अंक त्या कोष्टकाशी ताडून पाहा. हातचा कोणत्या ओळींत येतो, तेही शेजारी लिहा. त्या हातच्याचा परिपथ अब + बक + कअ असा होतो आणि त्याला सहा जागी स्विच लागतात. तो पाच जागांत बसवता येतो. कसा, ते शोधून काढा.